एक ठेवा, बाकीची उपटा

निडी हे दिवा–रोहा मार्गावरचं स्टेशन. नागोठणं मागे पडलं की येतं आणि रोहा यायच्या आत संपतं. कोकण रेल्वे अधिकृतपणे रोह्यापासून सुरू होते. त्यामुळे आपण कोकणात आहोत की कोकणाच्या उंबऱ्याबाहेर, यावर इथल्या पारावर अजून एकमत झालेलं नाही. एकमत आहे ते एवढ्यावरच, की निवृत्त माणसाने काहीतरी लावत राहावं. जमीन असते, पाऊस असतो, आणि दिवसभर घरात बसलेला निवृत्त माणूस घरातल्यांना नको असतो.

दादांनी ऑलिव्ह लावायचं ठरवलं ते यातूनच.

हे दादा म्हणजे निडीतलं कुणी एक माणूस समजू नये. नागोठण्याच्या किंवा धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, अर्धा एकर वरकस जमीन बाळगणारा आणि मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ बघणारा असा गृहस्थ पेण–रोहा पट्ट्यातल्या दर गावात निदान एक सापडतो. मोठ्या गावात दोन सापडतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

सुरुवात ठाण्याला झाली. मुलाकडे गेले असताना सुनेने पिझ्झा मागवला. दादांनी त्यावरची काळी चक्रं सवयीने बाजूला काढून ठेवली.

"बाबा, ती ऑलिव्ह आहेत. हृदयाला चांगली असतात," सून म्हणाली.

"महाग असतात?"

"तेल हजाराच्या वर आहे लिटरला."

यानंतर दादांचं जेवणात लक्ष लागलं नाही. त्यांनी कागदी रुमालावर अर्ध्या एकराचा हिशेब मांडला. हिशेबात पाऊस, माती आणि निडी या तीन गोष्टी धरलेल्या नव्हत्या, त्यामुळे तो फार सुंदर जमला.

काळी चक्रं त्याच रुमालात गुंडाळून निडीला आली आणि कुंडीत ओळीने पुरली गेली. सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू झालं. शेवटी वहिनी येऊन वाकून बघून गेल्या.

"अहो, यात बी कुठंय? मधे भोक आहे."

"बी होतं म्हणूनच भोक पडलं ना?"

"मग भोक उगवेल."

दुसरी फेरी बरणीची. अख्खी, हिरवी, आत बी असलेली ऑलिव्ह, खाऱ्या पाण्यात बुडवलेली. झाडावरचं ऑलिव्ह इतकं कडू असतं की ते तसंच खाणारा माणूस पुन्हा त्या झाडाखाली उभा राहत नाही. कडवटपणा जावा म्हणून ते आठवडेच्या आठवडे मिठाच्या पाण्यात मुरवतात. एवढ्या मुक्कामानंतर आतल्या बियात जीव उरत नाही. लोणच्याच्या फोडीला चिकटलेल्या कोयीतून आंबा उगवत नाही, हे दादांना लहानपणापासून माहीत होतं. पण परदेशी फळाकडून त्यांची अपेक्षा जरा जास्त होती. बिया सडल्या. वहिनींनी एवढंच सांगितलं, "पुढच्या बरणीचं पाणी ओतू नका, आमटीत घालते."

तिसऱ्या फेरीत राजस्थान आलं. राजस्थान सरकारने २००७ मध्ये इस्रायली तज्ज्ञांना हाताशी धरून ऑलिव्हची लागवड सुरू केली. बिकानेरकडे लुणकरणसरला तेल काढायचा कारखानाही उभा राहिला. तिथली हवा कोरडी, उन्हाळा भाजणारा, हिवाळ्याची रात्र हाडं गोठवणारी, आणि पाऊस पडलाच तर त्याची बातमी होते. ही सगळी माहिती दादांनी बारकाईने वाचली. त्यात एक तपशील असाही होता की राजस्थानने बिया पेरल्या नव्हत्या, इस्रायलहून तयार रोपं आणली होती. दादांनी नेमका तो सोडून बाकीचं पाठ केलं. कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याची सासुरवाडी बिकानेरची निघाली आणि एका दिवाळीला सोनपापडीच्या डब्यातून मूठभर ताज्या बिया निडीत दाखल झाल्या.

इथून खरं काम सुरू झालं.

ऑलिव्हचं बी दोन कुलपांत बंद असतं. बाहेरचं कवच लाकडाइतकं कठीण. ते तसंच पेरलं तर उगवायला महिनोन्‌महिने लागतात, आणि पुष्कळदा ते उगवतच नाही. म्हणून रोपं वाढवणारे आधी कवच फोडून आतलं बी अलगद काढतात. दुसरं कुलूप बियाच्या आतच असतं. त्याला थंडी लागते. दहा ते पंधरा अंशांत, ओलसर जागेत तीन-चार आठवडे काढले की हिवाळा होऊन गेल्याची त्याची खात्री पटते आणि मग ते मोड काढतं. भूमध्य समुद्राच्या काठी हे आपोआप घडतं. निडीतला हिवाळा पोपटी लावण्यापुरता असतो. मडक्यातल्या वालाच्या शेंगा शिजून होईपर्यंत तो टिकतो, मग पंखा लावावा लागतो.

कवच फोडायला प्रयोगशाळांत वेगळी हत्यारं असतात. दादांच्या घरात आईचा अडकित्ता होता. रोठा सुपारी कातरण्यात त्याने दोन पिढ्या काढल्या होत्या. पण सुपारी कातरताना आतलं काही जिवंत ठेवायचं नसतं. पहिल्या बीचे दोन अगदी समान भाग झाले. दुसरी न फुटताच उडाली आणि देव्हाऱ्यातल्या समईवर टण्‌कन वाजली. वहिनींना वाटलं आरती सुरू झाली. तिसरीचं कवच मात्र सुरेख फुटलं, बी अखंड निघालं, आणि त्या आनंदात दादांनी ते तोंडात टाकलं. हातात अडकित्ता असला की पुढचं हात आपोआप करतात.

उरलेल्या बियांना पंधरा अंश कुठे द्यायचे हा पुढचा प्रश्न. फ्रीजमध्ये चार अंश होते, माठाखालच्या वाळूत पंचवीस. दादांनी रात्री कुणी नसताना फ्रीजचं बटण मागे फिरवलं.

"अहो, दूध नासलं," सकाळी आतून आवाज आला.

"किती अंशाला?" दादांनी वही उघडत विचारलं.

त्यानंतर बिया भाजीच्या खालच्या कप्प्यात, ओल्या फडक्यात, प्लास्टिकच्या डब्यात गेल्या. डब्यावर दादांनी 'हात लावू नये' असं लिहिलं. त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येकाने तो डबा उघडून बघितला. पाहुण्या आलेल्या एका मावशींनी तर मोड आलेलं कडधान्य समजून तो उसळीसाठी बाहेर काढून ठेवला. कांदा चिरून झाला होता. दादा वेळेवर पोचले.

काही बियांना खरोखरच मोड आले. पांढरे, बारीक, आणि दादांच्या मते अतिशय बुद्धिमान दिसणारे. रोपं कुंड्यांत गेली, बोटभर झाली, राखट हिरवी पानं आली. गावातून लोक बघायला आले. एकाने विचारलं, "कडुनिंब का?" दुसऱ्याने जाणकारपणे सांगितलं, "नाही, करवंद." दादांनी दोघांनाही चहा दिला नाही.

मग जून आला. रायगडात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. स्पेनमधल्या कोर्दोबाला, जिथे ऑलिव्हच्या बागा क्षितिजापर्यंत जातात, वर्षभरात जेवढा पाऊस होतो तेवढा निडीत जुलैच्या एखाद्या माजलेल्या आठवड्यात होऊ शकतो. ऑलिव्हला मुळं भिजत राहिलेली मुळीच खपत नाहीत. दादांनी आधी कुंड्या पडवीत घेतल्या. पावसाची झड पडवीत आली, तेव्हा त्यांनी कुंड्यांवर छत्री धरली. स्वतः भिजत, रोपांवर छत्री धरून उभा असलेला माणूस रोह्याच्या गाडीतून खिडकीत बसलेल्यांना दिसत असे. नेहमीच्या प्रवाशांनी हळूहळू त्यांना हात करायला सुरुवात केली.

शेवटी गोठा रिकामाच होता, तिथे रोपं हलली. आणि गोठ्यातच दादांना शास्त्राचा पुढचा धडा मिळाला, मोबाईलवरून.

बीपासून वाढलेलं ऑलिव्हचं झाड सहजासहजी वयात येत नाही. त्याच्या मनाप्रमाणे वाढू दिलं तर दहा-पंधरा वर्षं ते फुलत नाही, नुसतं वाढतं. नवीन वाण तयार करू पाहणाऱ्यांची इथेच गोची होते, कारण फळ आल्याशिवाय रोप चांगलं की वाईट हे कळत नाही. कोर्दोबाच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात यावर उपाय काढला. कवच काढलेलं बी उगवायचं, रोप उबदार काचघरात ठेवायचं, रात्रंदिवस दिव्याचा उजेड द्यायचा, पाणी आणि खत मोजून द्यायचं, खालच्या फांद्या काढून त्याला एका सोटात उंच करायचं, आणि मगच शेतात लावायचं. अशाने ती दहा-पंधरा वर्षं तीन-चारांवर आली.

गोठ्यात दिवा लागला. पण निडीत दिवा लावणं आपल्या हातात असतं, लागलेला राहणं नसतं. पावसाळ्यात लाईट जाते, मग येते, मग आल्यासारखी वाटून पुन्हा जाते. ऑलिव्हच्या रोपांनी एका आठवड्यात जितके दिवस आणि रात्री पाहिल्या तितक्या स्पेनमधल्या झाडांनी वर्षात पाहिल्या नसतील. "त्यांचं वय लवकर वाढेल," दादा म्हणाले. हा तर्क चुकीचा होता हे सिद्ध करायला कुणाकडेच वेळ नव्हता.

मग त्यांनी दुसरा हिशेब मांडला. पनवेल ते इंदापूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या मुहूर्तावर कुणी नागोठण्याच्या नाक्यावर ऑलिव्हचं बी टोचलं असतं, काचघर नाही, दिवा नाही, काही लाड नाहीत, तरी ते एव्हाना वयात आलं असतं. हा हिशेब पारावर सर्वांना पटला. निडीत वेळ मोजायला घड्याळापेक्षा महामार्ग बरा पडतो.

पण गोठ्यात पाहिलेल्या त्या व्हिडिओच्या शेवटी आलेलं एक वाक्य दादांना पटेना. शास्त्रज्ञ हसत हसत सांगत होता की आमचं मुख्य काम रोपं वाढवणं नाही, उपटणं आहे.

त्याचं कारण असं, की ऑलिव्हची एक जात फुलते आणि दुसरीचे पराग वाऱ्याने येऊन पडतात. त्यातून झालेलं प्रत्येक बी वेगळं. एका झाडाच्या बिया पेरल्या तर त्यातलं एकही रोप आईवर हुबेहूब जात नाही, सगळी आपापल्या डोक्याने वाढतात. म्हणून बागायतदार बी पेरत नाहीत, फांदी लावतात. आणि म्हणूनच नवा वाण शोधणारे मात्र बीच पेरतात. पिक्वाल आणि आर्बेकिना या दोन स्पॅनिश जातींचा संकर करून कोर्दोबाने चिकितीता नावाचं ठेंगणं, भरपूर धरणारं झाड काढलं. ते नाव लक्षात राहतं. त्याच्याबरोबर उगवलेली आणि नापास होऊन उपटलेली भावंडं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

"एवढं वाढवायचं आणि उपटायचं?" दादा अस्वस्थ झाले. "रोपाला काय वाटेल?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोकणातल्या माणसाचं सगळं शेतीशास्त्र याच प्रश्नापाशी येऊन अडतं.

ऑलिव्हचं प्रकरण नाजूक अवस्थेत असतानाच शेजारचे नाना कुंपणावरून डोकावले. नानांना कुंपणावरून डोकावण्याचा दांडगा अनुभव आहे.

"दादा, गोठ्यामागे काय लावलंय तुम्ही?"

"काही नाही. का?"

"जंगल झालंय तिथे."

गोठ्यामागे मे महिनाभर वहिनींनी आंब्याचे बाठे फेकले होते. हापूस, पायरी, रायवळ, जे घरात खाल्लं गेलं ते. अडकित्ता नाही, फ्रीज नाही, दिवा नाही. पहिल्या दोन पावसांत त्या ढिगातून तांबूस, लुसलुशीत पानांचे कोंब एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन वर आले होते. त्यात राखट हिरवं, बुद्धिमान असं काहीही नव्हतं. नुसता उत्साह होता.

दादांनी गोठ्यातल्या ऑलिव्हकडे पाहिलं. मग ढिगाकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत ते आंब्याचे संशोधक झालेले होते.

आता आंबा आणि ऑलिव्ह यांची तब्येत अगदी उलटी. ऑलिव्हचं बी कवचात सुस्त पडून राहतं, तर आंब्याच्या बाठ्याला दम धरवत नाही. तो वाळला की मेला. फळ खाल्ल्यावर काही आठवड्यांत पेरला नाही तर त्याची उगवण्याची ताकद जाते. पण एका बाबतीत दोघे सख्खे भाऊ आहेत: बापाचं ऐकत नाहीत. हापूसच्या बाठ्यातून एकच रोप निघतं, आणि ते आईच्या फुलावर कुठल्या झाडाचे पराग कुठली माशी घेऊन आली त्यावर ठरतं. पराग वाहण्याचं काम आंब्यात बहुतेक माश्याच करतात. म्हणजे ज्या हापूसची पेटी आपण जपून, कागदात गुंडाळून, नातेवाइकांना मोजून देतो, त्याच्या वंशाचा निर्णय एक माशी घेते. काही जातींच्या बाठ्यांतून एकाहून जास्त रोपं निघतात आणि त्यातली बरीचशी आईची नक्कल असतात. हापूसने ती सोय ठेवलेली नाही.

तरी दर मे महिन्यात कोकणात हजारो लोक उत्तम हापूस खाऊन, बोटं चाटून, तोच बाठा परसात पुरतात आणि म्हणतात, "होईल हापूस." आठ-दहा वर्षांनी त्याला आंबट, दोरेदार, लिंबाएवढं फळ येतं. मग तेच लोक म्हणतात, "जमीनच तशी आहे."

दादांनी ढिगातला बाठा-बाठा वेगळा केला. शास्त्र असं सांगतं की बाठे आधी पाण्यात टाकावेत, तरंगतील ते फेकून द्यावेत आणि बुडतील ते पेरावेत. दादांनी उगवलेले तर ठेवलेच, पण न उगवलेले बाठेही बादलीत टाकून तपासले, आणि तरंगणारे बाजूला काढून त्यांच्यासाठी वेगळा वाफा केला.

"हे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"एक संधी द्यायला हवी."

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात ही दया चालली नसती. कोकणातल्या आंब्याच्या संकराचा इतिहास तिथूनच जातो. हे केंद्र १९५७ चं. पुढे १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं, आता ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि वेंगुर्ला त्याच्याकडे आलं. हापूसची मुख्य कुरबूर दोन गोष्टींची: एक वर्ष भरघोस येतो, दुसऱ्या वर्षी रुसतो, आणि वरून देखणं फळ कापलं की आत कधीकधी साका, म्हणजे पांढरट खराब गर, निघतो. तेव्हा नीलम आणि हापूस यांचा संकर करून त्यातून १९८१ मध्ये रत्ना हा वाण आला. त्यात साका नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये सिंधू आला. सिंधूची कोय इतकी पातळ, की लोक त्याला बिनकोयीचा आंबा म्हणतात. वर्षानुवर्षं बाठे पेरून, बाठ्यांची रोपं वाढवून, शेवटी शास्त्रज्ञांनी असा आंबा काढला ज्यात पेरण्याजोगा बाठाच जेमतेम आहे. यापेक्षा सुबक सूड निसर्गावर कुणी उगवला नसेल.

हा संकर करायची रीत ऐकली तर दादांच्या छत्रीला कुणी हसणार नाही. आंब्याच्या एका मोहरावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यातली बहुतेक नुसती नर, थोडी उभयलिंगी. ज्या झाडाला आई करायचं त्याच्या उभयलिंगी फुलांतले पुंकेसर सकाळी लवकर, फूल पुरतं उमलायच्या आत, चिमट्याने काढायचे. फूल तुरीच्या दाण्याएवढं. मग दुसऱ्या जातीचे पराग त्याला लावायचे, पिशवी बांधायची, चिठ्ठी लावायची आणि शिडीवरून उतरायचं. मोहरावरच्या शंभर फुलांतून एक फळ पिकलं तरी डोक्यावरून पाणी. हाताने लावलेल्या फुलांची गत याहून बरी नसते. मोहरीएवढी धरतात आणि गळतात, वाटाण्याएवढी होतात आणि गळतात, सुपारीएवढी झाली की वारं सुटतं. यावर उपाय म्हणून दोन जातींची कलमं एका जाळीत ठेवून आत माश्या सोडायचीही पद्धत आहे. एवढं शिकून शेवटी काम पुन्हा माशीकडेच.

आणि जी मोजकी फळं हाती येतात त्यांचे बाठे पेरायचे, झाडं वाढवायची, फळ यायची वाट बघायची, चाखायचं, आणि बहुतेक सगळी तोडून टाकायची.

दादांच्या वाफ्यात मात्र एकही रोप नापास झालं नाही. वाकडं उगवलेलं होतं, त्याला काठी लावली. पिवळं पडलेलं होतं, त्याला शेण घातलं. उरलेली जी थोडीबहुत छाटणी व्हायची ती गावातल्या मुलांनी केली. कोवळा कोंब आलेला बाठा उपटून, त्यातली दळं दगडावर घासून पिपाणी वाजवणं हा जूनमधला जुना उद्योग आहे. चार दिवस निडीत बाठ्यांच्या पिपाण्या वाजत होत्या आणि प्रत्येक आवाजाला दादा दारात येत होते. कोर्दोबाच्या शास्त्रज्ञांनी जे काम केलं तेच मुलांनी केलं. पद्धत तेवढी वेगळी होती.

दादांनी वाचलेल्या रोपांना नावंही दिली. वेंगुर्ल्याने काजूच्या वाणांना वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ असे आकडे दिले, ते वाण सिद्ध झाल्यावर. दादांनी निडी-१ ते पुढे बरेच आकडे रोप वीतभर असतानाच पत्र्याच्या तुकड्यांवर रंगवले. नाना रोज एक पान चुरगळून हुंगत आणि निकाल सांगत.

"रायवळ."

"हे?"

"हेही रायवळ. वासच सांगतो."

रायवळ म्हटलं की दादांचा चेहरा उतरायचा. हे थोडं अन्यायाचं आहे. बाठ्यापासून आलेलं प्रत्येक झाड रायवळच, आणि कोकणात प्रत्येक रायवळाला स्वतःचं व्यक्तिमत्त्व असतं. म्हणून तर त्यांना शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या अशी एकेरी नावं पडतात. हापूसची लाखो झाडं म्हणजे मुळात एकच झाड, कलमाने पुन्हा पुन्हा लावलेलं. ते पहिलं झाडही कुणाच्या तरी बाठ्यातून आलेलं रायवळच असणार. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडे कुणाला तरी ते आवडलं, त्यांनी कलमं बांधली आणि त्याला अफोन्सो दी अल्बुकर्कचं नाव चिकटलं. ते फळ पहिल्यांदा चाखणाऱ्याने तोंड वाकडं केलं असतं तर आज देवगड आणि रत्नागिरी यांना भांडायला विषय उरला नसता.

निवृत्त माणसांना धीर द्यायला एक गोष्ट अमेरिकेतली आहे. १८८९ साली हिंदुस्थानातून मलगोबा आंब्याची कलमं फ्लोरिडाला गेली. तिथल्या कडाक्याच्या थंडीत बाकीची गेली, एक वाचलं. त्याच्या फळांचे बाठे जॉन हेडन नावाच्या निवृत्त कॅप्टनने १९०२ मध्ये आपल्या परसात लावले. पुढच्याच वर्षी कॅप्टन वारले. १९१० मध्ये एका झाडाला लालबुंद, मोठी फळं आली. ती त्यांच्या पत्नीने चाखली आणि वाण कॅप्टनच्या नावाने जगात गेला. त्याच हेडनच्या बाठ्यातून पुढे टॉमी ॲटकिन्स निघाला, आणि टॉमी ॲटकिन्सचा हापूसशी संकर करून दापोलीच्या विद्यापीठाने कोकण सम्राट काढला. मलगोबाचा बाठा जग फिरून परत हिंदुस्थानात आला, तोही विलायती नावाने.

दादांनी ही गोष्ट वहिनींना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली.

"म्हणजे फळ यायच्या आत कॅप्टन गेले," वहिनी म्हणाल्या.

"हो, पण नाव राहिलं."

"आणि झाडांना आठ वर्षं पाणी कुणी घातलं?"

दादांनी तो भाग पुन्हा वाचला. त्यात पाण्याचा उल्लेख नव्हता.

तिसऱ्या वर्षी जागा कमी पडायला लागली. आंब्याच्या दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवायचं म्हणजे अर्ध्या एकरात वीस झाडं लागतात. दादांच्या वाफ्यातून वावरात गेलेली रोपं त्याच्या कितीतरी पट होती. उपटायची नाहीत हे ठरलेलंच होतं. मग ती बांधाला लागली. बांधाला लागल्यावर नानांनी कुंपणावरून डोकावणं बंद केलं आणि दारातून यायला सुरुवात केली.

"दादा, हे वाढलं की याच्या फांद्या माझ्याकडे येणार."

"येऊ देत. सावली होईल."

"फळं माझ्या वावरात पडली तर कुणाची?"

रोप तेव्हा गुडघ्याएवढं होतं. त्याला फळ यायला निदान सहा वर्षं बाकी होती, आणि येणारं फळ बहुधा कुणी उचललंही नसतं. तरी वाद तलाठ्यापर्यंत गेला. सातबाऱ्यावर झाडांची नोंद कुणाच्या नावे करायची यावर सबंध सकाळ गेली. तलाठ्याने दोघांचं ऐकून घेऊन विचारलं, "झाड कुठलं?"

"निडी-१४," दादा म्हणाले.

"रायवळ," नाना म्हणाले.

ऑलिव्हचं काय झालं, हे विचारणारे अजून भेटतात. एक रोप आहे. गोठ्याच्या खिडकीशी, भिंतीच्या आधाराने उभं आहे. त्याला निडीची थंडी फुलं धरायला पुरणार नाही, हे आता दादांनाही माहीत आहे. पण त्याला उपटा असं सांगण्याची हिंमत घरात कुणाची नाही, आणि वहिनी त्याच्या फांदीवर फडकी वाळत घालतात.

तर ज्यांच्या घरी या मोसमात बाठे साठलेत त्यांनी ते फडक्यात, फ्रीजमध्ये किंवा मनात ठेवू नयेत. आठवडाभराच्या आत वरचं टणक कवच काढून, फुगीर बाजू वर करून, ओल्या मातीत लावावेत. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब येतो. हापूसच हवा असेल तर त्याच कोवळ्या रोपावर जुलै–ऑगस्टमध्ये जाणत्या माणसाकडून हापूसच्या काडीचं कोय कलम बांधून घ्यावं. ते चार-पाच वर्षांत फळ देतं आणि नंतर कुणी कुणाला दोष देत नाही. नशीबच आजमावायचं असेल तर बाठा तसाच वाढू द्यावा, आठ-दहा वर्षं थांबावं आणि पहिलं फळ शेजाऱ्यासोबत चाखावं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी रोप बांधापासून निदान वीस फूट आत लावावं.